शेवटचं कोण?

सर्बियातल्या आमच्या निश शहरातल्या एका दवाखान्यात, माझ्या शेजारी बसलेल्या देसांकामावशी परग्रहावरून आलेल्या पाहुण्यावर वैतागल्या होत्या.

"मावशी, इथे रांग कुठे असते?"

"रांग नसते रे बाबा! आल्यावर 'शेवटचं कोण?' विचारायचं, त्याचं तोंड लक्षात ठेवायचं आणि गप बसायचं."

"मला तुमची सगळ्यांची तोंडं सारखीच दिसतात."

"मग माझं तेवढं लक्षात ठेव. माझ्यानंतर तू."

"पण ते टोपीवाले थेट आत गेले."

"त्यांना डॉक्टरांना फक्त एकच विचारायचंय."

"तासभर एकच?"

"डोकं खाऊ नकोस! एकच विचारायचं असलं की नंबर लागत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला गुडघा दाखवायचाय. म्हणून तर सकाळपासून सडतेय... अरे, दार उघडल्याबरोबर तू कुठे निघालास?"

"मावशी, मला फक्त एकच विचारायचंय."