सातव्या ओळीतला रोग

भाऊजी : वहिनी, हे झाड अजून हिरवंगार आहे. हेही उपटायचं?

वहिनी : हेही. विषाणू आत शिरला की पानं नंतर बोलतात. मुळासकट काढा, पिशवीत भरा, तोंड बांधा. आणि त्या हातमोज्यांनी दाराला हात लावू नका.

भाऊजी : एवढं मोठं पॉलीहाऊस, भर बहरातले टोमॅटो. त्या छाटणीवाल्या मावशीनं पार वाटोळं केलं.

वहिनी : मावशीकडे कुठल्या ओळी होत्या?

भाऊजी : पहिल्या चार.

वहिनी : आणि रोग आधी दिसला कुठं?

भाऊजी : सातवीत. पण तो पसरतोच ना? कात्रीवरून, कपड्यांवरून.

वहिनी : पसरतो. सातवीतून चौथीकडे पसरला. तिच्या ओळी सगळ्यांत शेवटी पिवळ्या पडल्या. आणि तुमच्या त्या टोमॅटोवाल्या मित्राचा फोटो पाहिला मी. सातव्या ओळीत, घोस हातात धरून. पायात बाहेरचे बूट.

भाऊजी : दोन मिनिटं आला होता. तुम्ही दादाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतात, किल्ली माझ्याकडे होती.

वहिनी : त्याच्या झाडांना काय झालं होतं?

भाऊजी : पानं आकसत होती. म्हणूनच आला. आपली चांगली पानं चाचपून बघायला.

वहिनी : हात धुतले होते?

भाऊजी : आलेल्या पाहुण्याला हात धू कसं म्हणायचं?

वहिनी : मावशीला मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. साबणानं तिच्या बोटांची सालं निघाली होती. एक झाड छाटलं की कात्री औषधात, मगच दुसरं झाड. कधी चुकली नाही. आणि सगळ्यांदेखत मी तिला हाकललं तेव्हा तुम्ही कुठं होतात?

भाऊजी : तिथंच.

वहिनी : माझ्या शेजारी. मान हलवत.

भाऊजी : तुम्ही इतक्या खात्रीनं बोलत होतात. मला वाटलं, असेल तिचंच.

वहिनी : वाटलं नाही, तसं मानून घेतलंत. मीही तेच केलं म्हणा. घरच्या माणसावर कोण संशय घेतं?

भाऊजी : तिला परत बोलवू या.

वहिनी : काल गेले होते. तिनं घरात घेतलं नाही. दारात उभी राहून सगळं ऐकलं. म्हणाली, बाई, तीन पॉलीहाऊसवाल्यांनी मला फाटकातूनच परत पाठवलं, आधी तिथं सांगा. त्या तिघांना मीच फोन केले होते, हिला ठेवू नका म्हणून.

भाऊजी : मी करतो फोन. चूक माझी होती असं सांगतो.

वहिनी : सकाळीच केले मी. तुमचं नाव घेऊन.

भाऊजी : काय म्हणाले?

वहिनी : म्हणाले, पुरावा काय?

भाऊजी : आणि तिच्या वेळी?

वहिनी : तिच्या वेळी कुणी विचारला नव्हता.