पाइप तारेवर पडला

हॅलो?… कोण, चारूताई?… हो, मी शामलाच. ताई, फोन ठेव… अवं, ठेव म्हणते ना!

नाही, रागावली नाही… हो, टीव्ही आला कालच… हो, आज रविवार, सिनेमा आहे… अवं ऐक ना! सिनेमाचं राहू दे. हे वर अडकले आहेत.

वर म्हणजे टिनावर, छपरावर! ॲन्टिना लावाले चढले… मेकॅनिक उद्या येणार होता. आई म्हणाल्या, आजचा सिनेमा पाहू, म्हणून हे स्वतःच चढले. पाइप उभा केला न् वारा आला… गेला ना पाइप खांबाच्या तारेवर! अर्धा तारेवर, अर्धा आमच्या टिनावर. ठिणग्या उडाल्या, ताई!

नाही, नाही… हातून आधीच सुटला होता, म्हणून वाचले. शेजाऱ्यांच्या न् आमच्या मधल्या विटांच्या भिंतीवर उभे होते, तिथंच बसले. पण सगळ्या टिनात करंट आहे. शिडी लोखंडी, तिच्यातही असंल…

केला ना मेन स्विच बंद! त्यानं काय होते? तार बाहेरची आहे… पलीकडं कशी उडी मारतील? तिकडं शेजाऱ्यांची उघडी विहीर आहे.

मी कशी जाऊ बाहेर? आमचं लोखंडी जाळीचं दार त्याच टिनाले टेकलं आहे. हात लावला तर असा झटका बसला, मागं फेकल्या गेली… नाही, लागलं नाही जास्त… दुसरं दार कुठं आहे या घराले?… ओरडली ना! गळा बसला ओरडून. अख्खी गल्ली लग्नाले गेली आहे, न् चक्कीवाल्याले त्याच्या घरघरीत ऐकू जात नाही.

म्हणून म्हणते फोन ठेव! तू ठेवल्याशिवाय माही लाइन सुटत नाही. वीज ऑफिसले लावायचं आहे… काय?… तुमच्या कोपऱ्यावर?… हो, हो, धरमपेठेतलंच! आमची लाइन तिथूनच आहे. भाऊजींले पाठव. स्कूटरनं पाठव. म्हणा, माणूस वर अडकला आहे, लाइन बंद करा. आत्ता!

निघाले?… बरं… नको, आता ठेवू नको. ताई, आता ठेवू नको.

आई खिडकीशी आहेत. ‘गिरिधर, हालू नको रे बाप्पा’, एवढंच म्हणून राहिल्या… थांब, हे काही सांगून राहिले… काय म्हणता?… नाही हो, नाही लावत दाराले हात!… ताई, वीतभर तर भिंत. न् ऊन किती… पाणी मागून राहिले. देऊ कसं?

बोल ना तू काहीतरी… काहीही बोल…

अगं आई गं! पाइप हालला… अहो, घट्ट बसा! खाली नका पाहू! इकडं पहा, माह्याकडं…

पोचले असतील का वं भाऊजी?… रविवारी कोणी असते का तिथं?… फोनवर आहे ना तू?… हो, ऐकून राहिली, बोल…

थांब… थांब, ताई. चक्की थांबली. आमच्या कोपऱ्यावरची, पिठाची… अवं, घरघर सुरू होती, एकदम बंद पडली! लाइन गेली!… अहो! लाइन गेली हो!

नाही उतरत. म्हणतात, दळण संपलं म्हणून बंद केली असंल तर?… खरं आहे, तसंही असू शकते…

आले? भाऊजी आले? दे त्यांच्याजवळ… भाऊजी, बंद केली?… तुमच्यासमोर?… तुम्ही डोळ्यानं पाहिलं?… अहो! भाऊजींनी पाहिलं, बंद केली! उतरा आता!

…

पाय धजत नाही त्यांचा, भाऊजी… नाही, मी अगोदर दाराले हात लावते. मग त्यांले समजंल… ओरडू नका तुम्ही. ताईलेही सांगा, ओरडू नको म्हणा. आई, बाजूले व्हा. फोन खाली ठेवते मी…

…

…

हॅलो… ताई?… उघडलं. दार उघडलं… काही नाही झालं मले. रडू नको… उतरून राहिले. एक पाय ठेवला टिनावर… दुसरा… आले शिडीवर…

आले, ताई. दारात उभे आहेत… माहा हात हातात घेतला न् उलटसुलट करून पाहून राहिले, भाजला का म्हणून… आईंसमोर…

ठेवते.