बोधचिन्हाचं बारसं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुंबईहून वेळात वेळ काढून आलेले संचालकसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या माझ्या पॅकिंगमधल्या बायांनो,

मला चार शब्द बोलू देताय, उपकार आहेत. एरवी बाईमाणसाला शाल पांघरली की पुढचं भाषण त्या शालीनंच करायचं असतं!

अठरा वर्षं या कारखान्याचं पाळणाघर मी सांभाळलं. आया तिकडे बिस्किटं भरायच्या, लेकरं माझ्याकडे निजायची. गेल्या हिवाळ्यात कंपनीनं मुलगी वाचवायचं मनावर घेतलं. काम चांगलंच, नाही कोण म्हणतंय? पुड्यावरची गव्हाची ओंबी गेली, पाळण्यातली मुलगी आली. ती मुलगी कुणाची, ठाऊक आहे? आपल्या पॅकिंगमधल्या सुवर्णाची तेजल. चित्रकारानं माझ्याच खोलीत बसून काढली.

मग निघालं बोधचिन्हाचं बारसं. हसू नका, पत्रिका छापल्या होत्या! माझाच पाळणा झेंडूनं सजवला, त्यात चिन्हाची फ्रेम निजवली आणि आत्या म्हणून मला उभं केलं. आता फ्रेमला कान कुठला? तरी वाकून 'कुर्र' केलं बाई! पॅकिंगच्या सुमनबाईंनी पाठीत असा धपाटा घातला की विचारू नका. पेपरात फोटोही आला.

पुढच्याच महिन्यात मोहिमेच्या ऑफिसला जागा हवी झाली. एवढ्या मोठ्या कारखान्यात सापडली कुठली? पाळणाघराची! मी हातापाया पडले. मॅनेजरसाहेब म्हणाले, "बाई, समाजकार्य आहे, जरा अॅडजस्ट करा."

मी करीन हो, माझे नोकरीचे दिवस भरलेच होते. सुवर्णानं काय करायचं? नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर, घरी दुसरं माणूस नाही. तिनं पोर गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये निजवली, तर तिलाच मेमो दिलात. मला राग येतो साहेब, फार राग येतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

असो. शालीबद्दल आभार, कँटीनच्या जिलबीबद्दलही. एखादा शब्द लागला असेल तर म्हातारीची जीभ म्हणून पोटात घाला.

आणि जाता जाता एवढंच. सुवर्णा आज इथे नाही. सकाळीच राजीनामा देऊन गेली. मॅनेजरसाहेब, तो अजून तुमच्या टेबलावर आहे, सही व्हायची आहे. पुड्यावरच्या मुलीला पुढं वाचवाल, साहेब. आधी तो कागद फाडा.