अपूर्ण कॉम्प्लेक्सचा टॅक्स

तिरोडा रोडवर कॉम्प्लेक्स उभा झाला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा येडा मीच. नगरसेवक म्हणाला होता, "याच्या टॅक्सवर गाव चालंल, तुमचा घरटॅक्स कमी होईल."

परवा नगरपंचायतीचा बाबू टेप घेऊन आला आन् माझ्या बकरीचं टिनाचं छप्पर मोजू लागला.

मी म्हटलं, "काऊन गा, आधी तो कॉम्प्लेक्स मोज ना!"

"तो अपूर्ण आहे काका. वरच्या मजल्याचं प्लास्टर बाकी आहे. काम पुरं झाल्याबिगर टॅक्स लागत नाही."

"अन् खाली दुकानं चालून राहिली ते?"

"कागदावर बांधकामच सुरू आहे."

"बरं बापा. मंग बकरीचा टॅक्स कुठं भरू?"

"कॉम्प्लेक्समधीच या. आमचं वसुलीचं ऑफिस आता तिथंच आहे. एसी आहे, आरामात बसा."