लाल फुली आणि हलकाफुलका खेळ

...आणि वर मलाच म्हणतो, "दहापैकी गुण दे!" अहो, कसले गुण? तुम्हाला सांगतो, हा माझा खेळण्यांचा दुकानदार मित्र. नवीन खेळ आला की आधी माझ्याकडे पाठवणार. आम्ही घरी खेळायचं, मी मत द्यायचं, मग हा ठरवणार माल भरायचा की नाही. इतकी वर्षं बिनबोभाट चाललंय. या वेळी डबा हातात कोंबला नि म्हणाला, "फासा टाकायचा, शहर बांधायचं. हलकाफुलका खेळ आहे रे!"

हलकाफुलका म्हणे! अहो, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल रंगाची फुली आहे. मागचा रस्ता रुंद होणार, आणि वाढणार कुठून, तर आमच्या ओट्यावरून. ओटा, मोरी, आईची खोली... सगळं जाणार. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. आई तर त्या भिंतीकडे पाठ करून जेवते. आणि या शहाण्यानं पाठवावं काय? शहर बांधायचा खेळ!

बरं, नाही म्हणावं तर दुकानदार रुसून बसणार. मांडला. आई, बायको, मी. प्रत्येकाला आपापला पट. एक पडला की घर, दोनला शाळा, मग दवाखाना, बाग, बाजार... आणि सहा पडला की रस्ता. रस्ता सरळच जाणार, मधे येईल ते उचलून परत डब्यात! नियम मी मोठ्यानं वाचतोय आणि माझीच जीभ अडखळतेय.

बायको म्हणाली, "हा खेळ ज्यानं काढलाय ना, त्याच्या घरावरून गेलाय का कधी रस्ता?"

आणि आईला सहा! तिचं लाल छपराचं लाकडी घर बरोब्बर मधोमध.

"उचल, आई."

"नाही उचलत."

"अगं, नियम आहे."

"मग रस्ता वळव."

"रस्ता वळत नाही, आई!"

"का नाही वळत? काय धाड भरलीय त्याला?"

हेच, अगदी हेच ती रस्त्याच्या कचेरीत इंजिनिअरसाहेबांना म्हणाली होती, आणि साहेब नुसते चष्मा पुसत बसले होते. तुम्ही काय केलं असतं हो? मी म्हटलं, "बरं बाई, घर राहू दे. त्याच्याऐवजी दवाखाना दे."

झालं! खेळाचं तिथेच वाटोळं. "त्यांना सूट, मग मला का नाही?" म्हणत बायकोनं शाळा दिली, बाग दिली, अख्खा बाजार देऊन टाकला. आणि मी? मी परीक्षक ना? मी तर कुणी मागायच्या आत दवाखाना काढून ठेवला! शेवटी तिन्ही पटांवर उरली नुसती घरं. आणि घराला गुण कधी? शेजारी शाळा नाहीतर दवाखाना असेल तरच! म्हणजे तिघांनाही भोपळा. असा निकाल कधी पाहिलाय तुम्ही? हलकाफुलका खेळ!

पण आईनं आपली घरं बोट लावून मोजली, म्हणाली, "माझी सगळी आहेत," आणि हसली. किती दिवसांनी हसली! त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून जेवली.

मग परवा इंजिनिअरसाहेब आले, टेप घेऊन, शेवटचं माप घ्यायला. आई आतून फासा घेऊन आली. "साहेब, टाका. सहा पडला तर पाडा. नाहीतर आल्या पावली परत जा."

माणूस वाईट नाही हो. त्यानं फासा हळूच तिच्या हातात परत ठेवला. "मावशी, आमच्याकडे असं काही नसतं. रस्ता ठरलाय. सोमवारी मशीन येईल."

"एकदा टाकून तर बघायचा होता," आई म्हणत राहिली. सामान बांधताना तेच. अजून तेच.

आणि आज भांडी पोत्यात भरतोय तर या दुकानदाराचा फोन! "बोल, किती गुण? लोकांची एकच तक्रार आहे रे, डोकं चालवायला वावच नाही, सगळं फाशावर!"

म्हटलं, "दहापैकी दहा."

"अरे, पण सगळं फाशावर आहे ना?"

"म्हणून तर दिले. आमच्याकडे तोही नाही टाकला कुणी."