टाकीवरचं नाव आणि हारावरचं नाव

गुरुजी, दशावतार मंडळीतले कलाकार, आणि या देवळाच्या मांडवात जमलेल्या माझ्या भावांनो, आयांनो,

शोकसभेत बोलायची मला सवय नाही. शब्द जुळवणं माझं काम नव्हे. मला वस्तू करता येतात. म्हणून आधी मी या हातांनी काय काय केलं, ते सांगतो. मेस्त्री मयताच्या सभेत स्वतःची टिमकी वाजवतो, असं वाटेल. वाटू दे. त्याला कारण आहे.

देवबागच्या मचव्यांच्या सुकाणूच्या बिजागऱ्या मी केल्या. शाळेची घंटा तडकली होती, ती मी झाळली, आजही वाजते. या देवळाच्या समया, भटजींच्या घरचा बंब, बाजारातले निम्मे तराजू. मला कोणी शिकवलं नाही. मोडलेली वस्तू उघडायची, का मोडली ते बघायचं, एवढीच माझी शाळा. आणि आज ज्याच्यासाठी जमलोय, त्या बाबलचा मुकुट. रावणाचा, पितळी पत्र्याचा. तोही मी केला.

ज्या गॅसबत्तीनं तो गेला, तिची टाकी मी केली नाही. तिच्या जोडाला मी डाख दिला नाही. पंपाचा चामड्याचा वायसर मात्र मीच बदलला होता, दसऱ्याच्या सुमारास. तेही सांगतो. अर्धं सांगणाऱ्यांतला मी नव्हे.

बाबलला तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या मंडळीत बत्तीला वेगळा माणूस ठेवायची ऐपत कधीच नव्हती. राजाच बत्ती सांभाळी. युद्ध ऐन रंगात यायचं आणि उजेड मंदावायचा. मग मागून कोणीतरी ओरडे, "राजानू, काय दिसणा नाय मरे." बाबल तलवार बाकड्यावर ठेवी, मुकुट सावरत वाके, पंप मारी आणि म्हणे, "लंकेत रॉकेल महाग झाला हा. प्रजेन वाईच दम धरूक होयो." सगळे हसत. उजेड येई. तलवार पुन्हा हातात.

या जत्रेतही तो तसाच वाकला. तुम्ही हसायच्या तयारीत होता. मीही होतो. टाकीचा खालचा जोड सुटला, रॉकेल उडालं, पेटलं, आणि भरजरी कपड्यांनी पेट घेतला.

त्या जोडाला पितळेचं पक्कं झाळण हवं होतं. आत दाब असतो, बाहेर जाळ असतो. तिथं बत्तीच्या कंपनीनं कथलाचा कच्चा डाख दिला होता. मी बोट फिरवून पाहिलंय. मुकुटाला मी रिवेट मारल्या होत्या, कारण बत्तीजवळ वावरणाऱ्या वस्तूला कच्चा डाख चालत नाही, एवढं मला कळतं. मुकुट परत आला. काळा पडला, पण एक रिवेट निसटलेली नाही. बाबल परत आला नाही.

बाराव्याच्या आत मुंबईहून कंपनीचा साहेब आला. इथं त्याच्या बत्त्या विकणारे आपले शेट त्याला घेऊन आले. शेट, मान खाली घालू नका, तुम्ही होता. साहेबानं बाबलच्या दारातच विचारलं, "टाकी कुठं आहे?"

बाबलची बायको, आपल्या शेवंतावहिनी, कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "टाकी खळ्यात पडली आसा. माणूस खंय गेलो, ता नाय इचारल्यात?"

तो अंगणात गेला. मी मागोमाग गेलो. त्यानं पिशवीतून कानस काढली आणि टाकीवरचं कोरलेलं नाव घासायला लागला. मंडळी, ती कानस त्यानं इथं उसनी मागितली नव्हती. मुंबईहून निघताना पिशवीत घातली होती. धोतर, साबण, पानाचा डबा, आणि कानस. पितळेवर कानस पुढं जाताना चालवायची आणि मागं येताना उचलायची. हा नुसता मागंपुढं खरवडत होता. शिसारी आली मला. घाणेरडं काम, आणि तेही धड शिकून आला नव्हता.

मी विचारलं, "हे काय चाललंय?" म्हणाला, "मेस्त्री, माणूस गेला, वाईट झालं. पण हे नाव घरोघरी आहे. त्याला डाग लागता कामा नये."

त्यानंतर कंपनीची बैलगाडी गावभर फिरली. जुनी बत्ती द्या, नवी घ्या, फुकट. तुम्ही दिल्यात. घरातल्या घरात एकमेकांना म्हणालात, "फुकट गावता तर घी रे." कोणी विचारलं नाही की बत्त्या चांगल्या होत्या तर परत का नेल्या? आणि वाईट होत्या, तर बाबलचा दोष कुठला?

कारण गाडीबरोबर दुसरंही काही फिरत होतं. बाबल प्यालेला होता. बाबलनं पंप जास्त मारला. कोणी सांगितलं? दुकानाच्या पायरीवर कोणीतरी. अहो, मुकुटांचा पेटारा पूजा करून उघडला की तो पुन्हा बंद होईपर्यंत बाबल ताडीच्या थेंबाला शिवत नसे. हे तुम्हाला ठाऊक नाही? ठाऊक आहे. पण घरात नवी बत्ती आहे.

वहिनींनाही त्यांनी एक नवी बत्ती धाडली. ज्या घरचा माणूस बत्तीनं जाळला, त्या घरी बत्ती. वहिनींनी ती पेटवली नाही. घरात पणती लावतात.

आणि आज इथं येऊन बघतो, तर बाबलच्या तसबिरीला सगळ्यात मोठा हार कंपनीचा. रेशमी पट्टी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव. टाकीवरून खरवडलेलं तेच नाव. जिथं मारलं तिथून पुसलं, जिथं रडायचं तिथं छापलं. मी ते नाव उच्चारणार नाही. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, आणि मग ती पट्टी कोणीतरी काढावी. फुलं राहू देत. फुलांचा काही अपराध नाही.

आता आपण उभे राहू आणि बाबलसाठी गप्प राहू. त्याच्यासाठी गप्प राहा, कंपनीसाठी फार दिवस राहिलात. पण गप्प असताना कोणाच्या तरी मनात येईल, मेस्त्री इतका बोलतो, त्याला काही मिळालं नाही म्हणून बोलत असेल. तेव्हा तेही सांगून मोकळा होतो. साहेबानं माझ्यापुढं कागद ठेवला होता. टाकीचा जोड मी झाळला होता, तो माझ्या हातून कच्चा राहिला, एवढं खोटं लिहून सही करायची होती. बदल्यात सगळ्या जिल्ह्याची दुरुस्तीची एजन्सी, आणि रोख तीन हजार रुपये. मी नको म्हणालो.

उभे राहा.