बाबांच्या आधारवरचा नंबर

“हॅलो? … हो, प्रणितच बोलतोय. आपण? … किशोरी कोण? … आमच्या गावच्या, ओव्याच्या सेवा केंद्रातून. बरं, बोला.”

शनिवारची दुपार होती. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये विनिताच्या, म्हणजे बायकोच्या माहेरची माणसं जेवायला बसली होती. प्रणित खांद्याने फोन कानाशी दाबून श्रीखंड वाढत होता.

“ओटीपी? हो, आत्ताच आलाय मेसेज. पण तुम्हाला कशाला सांगू? असे मागणारे पुष्कळ असतात… काशिराम? माझेच वडील… तिथे बसलेत? तुमच्यासमोर?”

त्याने भांडं विनिताच्या हातात दिलं.

“हो, त्यांच्या आधारला नंबर माझाच आहे. त्यांच्याकडे मोबाईल नाही… कसला अर्ज? … पेन्शन? अहो, ते शेती करायचे. त्यांना कुठली पेन्शन?”

सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली. प्रणितने बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं.

“श्रावणबाळ योजना… माहीत आहे. निराधार म्हाताऱ्यांची… नाही ताई, काहीतरी चुकतंय. मी आहे ना, मुलगा… नाही, सोबत नाही राहत, पण… काय लिहिलंय? परत वाचा… ‘सांभाळणारं कोणी नाही.’ हे त्यांनी सांगितलं? … दोनदा विचारलंत तुम्ही… बरं.”

त्याने दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

“जमीन? … आता नाही. भूसंपादनात गेली… पैशांचं म्हणजे… फ्लॅट घेतला. माझ्या नावावर. त्यांच्या नावावर काही नाही, ते तुम्ही बरोबर लिहिलंय… जरा त्यांना फोन द्या.”

वडिलांचा आवाज येताच त्याची बोली आपोआप गावची झाली.

“बाबा, मी… हो, जेवलो. तुमी जेवलात? … मला सांगायचं ना, बाबा… हो, गणपतीत म्हणालो व्हतो, खर्चाचं बघतो म्हणून. राहून गेलं… नाय, रागावत नाय… शेजारची शांतीआक्का देते डबा? रोज? … मला नाय माहीत… तुमी घरी जा, मी येतो. आज नाय, पाहुणे हायेत. उद्या बघतो.”

‘बघतो’ म्हणताना त्याची त्यालाच लाज वाटली. गणपतीपासून तो हेच म्हणत आला होता.

“काय? … मागं लोक खोळंबलेत? बरं. द्या ताईंना.”

आत कोणीतरी हसलं. त्याने काचेकडे पाठ केली.

“घ्या ताई. चार, शून्य, सात…”

पुढचे आकडे तोंडातून निघेनात. ते सांगणं म्हणजे ‘सांभाळणारं कोणी नाही’ या ओळीखाली आपण सही करणं, हे त्याला कळत होतं.

“आहे, फोनवरच आहे… एक, एक, नऊ… झालं? ठीक.”

तो फोन ठेवणारच होता.

“अं? आधारवरचा नंबर बदलायचाय? … शांतीआक्काचा घालायचा? अहो, माझाच असू द्या. म्हणावं, प्रणित म्हणतोय… हो, विचारा. थांबतो मी.”

तिकडे पंख्याची घरघर आणि बाबांचा खोकला तेवढा ऐकू येत होता.

“काय म्हणाले? … ‘त्याला कामात त्रास नको.’ … बरं. मग नंबर बदलायचाही ओटीपी मलाच येईल ना? मी फोन हातातच ठेवतो… येत नाही? … त्यांचा अंगठा पुरतो. म्हणजे माझं काही लागणार नाही… बरं. बरं, ताई.”

फोन तिकडूनच ठेवला गेला.